उन्हाच्या दराचं दळण

लोक प्रवासाला जातात तेव्हा डोंगर बघतात, देवळं बघतात, निदान समुद्र तरी बघतात. मी डिसेंबरात परभणी जिल्ह्यात गेले आणि बहुतेक सगळा मुक्काम एका पिठाच्या गिरणीत काढून आले. आल्यापासून शेजारपाजारच्या बायका विचारताहेत, तिकडे बघण्यासारखं काय आहे? फाटकात उभ्या उभ्या ते सांगता येत नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

परभणी ते बोरी

जाण्याचं निमित्त म्हणजे जिंतूरच्या एका कॉलेजातलं व्याख्यान. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. माणूस निवृत्त झाला तरी तोंड निवृत्त होत नाही, त्यामुळे कुणी बोलावलं की मी जाते. विषय तर माझ्या अगदी आवडीचा होता: विजेची खरी किंमत आणि अनुदानाची नीती. यावर माझं म्हणणं पक्कं आहे आणि ते दोन वाक्यांत संपतं. विजेची जी खरी किंमत असेल ती सगळ्यांनी मोजावी. ज्याला झेपत नाही त्याच्या हातात थेट मदत द्यावी. दोन वाक्यांत संपणारी गोष्ट मी दीड तास सांगते, तो भाग वेगळा.

माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली आता पुण्यात बँकेत आहे. तिला हे कळलं तशी ती म्हणाली, बाई, लॉजवर कशाला उतरता, आमचं बोरी जिंतूरच्या रस्त्यावरच आहे, माझ्या आईकडे राहा. आईची गिरणी आहे, ताज्या पिठाची भाकरी मिळेल. भाकरीचं नाव काढल्यावर मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

परभणीला एसटीत माझ्या शेजारी पटका बांधलेले एक आजोबा बसले. 'कुठं जायलाव?' इथपासून सुरुवात झाली आणि वाटेतलं झरी गाव येईपर्यंत त्यांना माझं वय, माझी पेन्शन, मुलगा कुठे असतो, सून भाकरी करते का, एवढं सगळं ठाऊक झालं होतं. आमच्याकडे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना एकमेकांचं एवढं माहीत नसतं. मी रागावणारच होते, पण तेवढ्यात त्यांनी पिशवीतून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या ओल्या शेंगा काढल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या. मग मी सुनेबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्या.

खिडकीबाहेर कापूस फुटला होता. काळं रान, पांढरी बोंडं, मध्येच तुरीचे पट्टे, आणि जिकडे बघावं तिकडे वेचणीला वाकलेल्या बायका. डोक्यावर ऊन होतं तरी कुणी मान वर करत नव्हतं. शेंगा खाता खाता मला ते दृश्य फार छान वाटलं. त्याचा अर्थ कळायला पुढे एक दिवस जावा लागला.

वैशालीच्या आई, सुमनबाई, पन्नाशीच्या आहेत. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा पुढच्या खोलीत गिरणीचा पट्टा फिरत होता आणि बाई भुवयांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मला हातानंच बसा म्हणून खुणावलं. बसले, आणि मीही हळूहळू पांढरी झाले.

रात्री जेवायला गरम भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी आणि ठेचा. ठेचा जपून खा असं मला तिघांनी सांगितलं होतं. मी जपून खाल्ला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसत होते तोवर सुमनबाई आणि त्यांचे यजमान दिगंबरराव यांची जुंपली. दिगंबररावांची थोडी शेती, एक विहीर, विहिरीवर मोटर. शेतीच्या मोटरीला सरकारनं वीज मोफत केलेली, त्यामुळे त्यांचं बिल शून्य. सुमनबाईंची गिरणी मात्र धंद्यात धरलेली, तिचं बिल भरभक्कम आणि ते वाढतच चाललेलं. एकच घर, एकाच तारेवरची वीज, आणि नवऱ्याला फुकट, बायकोला पुऱ्या दरानं! मला तर पंगतीतच परीक्षेचा प्रश्न सापडला.

"आमी अन्नदाते हाव," दिगंबरराव म्हणाले.

"आन मी काय दगड दळते व्हय?" सुमनबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

दिगंबररावांचीही बाजू होती, नाही असं नाही. फुकट आहे, पण येते कधी, असं त्यांचं म्हणणं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला हरभऱ्यात पाणी सोडायला जायचं, थंडीत चिखल तुडवायचा, पायाखाली साप आहे की काठी ते कळत नाही. फुकटची वीज घ्यायला जीव मुठीत धरून जावं लागतं, मग ती फुकट कशी, असं ते मला विचारत होते. प्रश्न बिनतोड होता. मी आणखी आमटी वाढून घेतली.

तेवढ्यात मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी आमच्या घराचं सांगायला लागले. आम्ही बंगल्याच्या छतावर सौर पॅनेल बसवलेत, सरकारनं त्याच्या खर्चातला वाटा उचलला, आता आमचं बिल येत नाही. अगदी कौतुकानं सांगितलं मी. सुमनबाईंचा थापता हात थांबला. बिल येतच नाही? नाही. फ्रीज चालू असतो तरी? तरी. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

दिगंबरराव रात्रीच्या पाळीला रानात गेल्यावर सुमनबाईंनी दार लोटून घेतलं आणि जे सांगितलं ते वैशालीलासुद्धा माहीत नव्हतं. येत्या गुरुवारी जिंतूरचा एक व्यापारी गिरणी बघायला येणार होता. सौदा पटला तर उचलून नेणार होता. बिल चढत गेलं, पण दळणाचा दर वाढवायचं नाव काढलं की बायका तोंड फिरवायच्या. शेवटी त्यांनी कुणाला न विचारता निरोप धाडला होता.

"घर ह्यांचं, रान ह्यांचं, विहीर ह्यांची," त्या म्हणाल्या. "गिरणी तेवढी मपली हाय, बाई. ती गेली की मी नुसती सैपाकाला उरते."

वैशालीच्या कॉलेजची फी याच गिरणीनं भरली होती. मला त्या बाईंचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हुरूपही आला, कारण उपाय माझ्यापाशी तयार होता. मी त्यांचं बिल मागून घेतलं, चष्मा लावला. नवं मीटर बसलेलं, आणि त्यात उन्हाच्या वेळेची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग. मग झालंच की! तोच हिशोब पुढे लावायचा. दिवसा दळण जुन्या दरानं, दिवेलागणीनंतर चढ्या दरानं. बायका दिवसा यायला लागतील, बिल उतरेल, गिरणी वाचेल, व्यापारी हात हलवत जाईल. पुस्तकात हे असंच घडतं. मी स्वतः खडूनं दारावरच्या पाटीवर दोन्ही दर लिहिले, सुवाच्य अक्षरात.

जिंतूर

दुसऱ्या दिवशी व्याख्यानाला गेले. प्राचार्य फारच अगत्यशील. स्टेजवर चढता चढता त्यांनी कानात सांगितलं की मॅडम, मोफत विजेच्या विरोधात जरा बेतानं बोला, आमच्या अध्यक्षांच्या सात मोटारी हायत. मला वाटलं गाड्या. मग कळलं, विहिरींवरच्या. मी बेतानं बोलले. खरी किंमत, थेट मदत, आणि उदाहरण म्हणून आदल्या रात्रीच लिहिलेली गिरणीची पाटी. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत अध्यक्षही वाजवत होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शाल, श्रीफळ आणि भजी घेऊन मी विजयी मुद्रेनं बोरीला परतले.

गिरणीपाशी पोचले तर दारात ही गर्दी. वेचणीवरून आलेल्या बायका, केसांत कापसाचे धागे, कडेवर डबे, आणि सगळ्या माझ्या सुवाच्य अक्षराकडे बघताहेत. दिवसभर कोण आलं होतं म्हणून मी सुमनबाईंना विचारलं. एकट्या शांताबाई आल्या होत्या. शांताबाई म्हणजे गावातल्या मोठ्या बागायतदारांच्या घरच्या. घरी दोन विहिरी, दोन फुकटच्या मोटरी. त्यांनी गड्याच्या डोक्यावरून गहू, बाजरी, डाळ सगळं आणवलं आणि स्वस्त दरात पंधरवड्याचं दळून नेलं होतं; ज्वारी तेवढी दुसऱ्या दिवसावर ठेवली होती.

गर्दीतून कमळबाई पुढे आल्या. ठेंगण्या, काटक, आवाज खणखणीत. जय भीम घातला आणि पाटी कुणी लिहिली ते विचारलं. सुमनबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट दाखवलं.

"दिवसा स्वस्त केलाव ते बरं केलाव, बाई," कमळबाई म्हणाल्या. "पर आमचा दिवस आमी सकाळीच इकून बसताव. इकलेल्या दिवसात दळण कवा आनावं?"

मी तेच केलं जे प्राध्यापक करतात. 'चांगला प्रश्न आहे' म्हणाले. एसटीतून मला जे वाकलेलं सुंदर दृश्य दिसलं होतं ते समोर उभं होतं आणि त्याला चढा दर पडत होता. ज्यांचा दिवस मोकळा, त्यांची मोटर आधीच फुकट, आणि दळणही मी त्यांनाच स्वस्त करून दिलं होतं. अध्यक्ष टाळ्या का वाजवत होते ते तेव्हा उमगलं. मला स्वतःचा इतका राग आला की मी भजी कुणाला न देता खाऊन टाकली.

बोरी, बुधवार

पण हार मानेन तर मी कसली! मंगळवारी रात्रीच मला दुसरा उपाय सुचला. बायकांनी कशाला थांबायचं? सकाळी वेचणीला जाताना डबा गिरणीत ठेवून जावं, सुमनबाईंनी उन्हात दळावं, संध्याकाळी डबा उचलावा. स्वस्त वीज, स्वस्त दळण, दिवस विकला तरी हरकत नाही. तशीच मी कमळबाईंच्या घरी गेले; त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं, पण कबूल झाल्या आणि बाकीच्यांना निरोप दिला.

इथे तिकडची एक रीत सांगायला हवी. तिथे प्रत्येक बाई आपलं दळण होईपर्यंत आपल्या डब्यापाशी उभी राहते. धान्य ओतण्यापासून पीठ भरेपर्यंत तिची नजर हलत नाही. मला तो संशयी स्वभाव वाटला होता. आमच्याकडे डबा ठेवून येतो आणि फोन करतो.

बुधवारी सकाळी डबे येऊन पडले आणि मी बघतच राहिले. सगळे सारखे! तोच आकार, तेच स्टील, आणि प्रत्येक डब्याच्या पोटावर हात जोडलेला एकच हसरा चेहरा. झालं होतं असं की जिल्हा परिषदेला उभं राहू इच्छिणाऱ्या एका भाऊंनी मागच्या संक्रांतीला हळदीकुंकू घातलं होतं आणि वाण म्हणून गावातल्या यच्चयावत बायकांना हा डबा वाटला होता. चेहऱ्याखाली लिहिलं होतं 'आपला माणूस'. फुकट मिळालेला डबा कोण सोडतं? शांताबाईंनीही सोडला नव्हता; त्यांचे दोन होते.

मी गोंधळले नाही. वहीचे कागद फाडले, प्रत्येकीचं नाव लिहिलं आणि चिकटपट्टीनं नीट झाकणावर लावलं. झाकणावर. पुढचं सगळं रामायण या एका शब्दात आहे. दुपारी सुमनबाईंनी दणादण दळून काढलं. ताजं पीठ गरम असतं, लगेच झाकलं तर त्याला घाम येतो आणि ते आंबतं, म्हणून सगळे डबे त्यांनी उघडे ठेवले आणि झाकणं एका बाजूला रचली. मग त्या दिगंबररावांची भाकरी घेऊन रानात गेल्या. जाताना म्हणाल्या, निवलं की झाका. निवलं तसं मी झाकलं. अगदी मन लावून, जे झाकण हाती येईल ते.

संध्याकाळी बायकांनी आपापल्या नावाचं झाकण बघून डबे नेले. जाताना चार जणींनी मला चांगलं म्हटलं. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

बोरी, गुरुवार

सकाळी उठले ती आरड्याओरड्यानंच. वेचणीला जायच्या आधी सगळ्या बायका डब्यांसकट गिरणीत हजर होत्या. एकीनं पहाटेच्या अंधारात ज्वारीचं समजून बेसन मळलं होतं आणि ते परातीला असं धरून बसलं होतं की परातच सोबत आणली होती. एकीच्या उपासाच्या भगरीच्या डब्यात बाजरी निघाली, आणि ते पहिला घास घेतल्यावर कळलं. चतुर्थी मोडल्याचं पाप कुणाच्या माथी, असा तिचा सवाल होता आणि बघत ती माझ्याकडे होती. शांताबाईंची निवडक मालदांडी ज्वारी गेली होती कमळबाईंच्या घरी, आणि कमळबाईंची रेशनची ज्वारी शांताबाईंच्या घरी. कमळबाईंनी सरळ सांगून टाकलं की भाकरी लय गोड झाली होती, पोरं मागून मागून खात होती, आता परत काय देऊ. शांताबाई त्यावर भडकतील असं वाटलं, पण त्या भलत्याच कारणानं भडकल्या होत्या. त्यांच्या मालकांनी रात्री एक भाकरी जास्त खाल्ली होती आणि लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाले होते की आज भाकरी चांगली झाली.

सुमनबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. इतक्या जणींचं धान्य भरून द्यायचं म्हटलं तर घरातली कणगी रिकामी होणार. आज गुरुवार आहे हे त्यांच्याही लक्षात होतं आणि माझ्याही. मला अक्षरशः जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

त्याच वेळी व्यापारी मोटरसायकलवरून उतरला. त्यानं दार अडवून उभी असलेली ती गर्दी बघितली, एवढे डबे बघितले, आणि त्याचे डोळे चमकले. सकाळी सकाळी एवढं गिऱ्हाईक! त्यानं तिथल्या तिथे, मोठ्यानं, निरोपात सांगितलेल्या भावावर भाव चढवला आणि गिरणी आजच टेम्पोत घालतो म्हणाला.

परातवाली परात धरून तशीच उभी राहिली. कमळबाईंनी विचारलं, गिरणी विकायला काढली? सुमनबाई फडक्यानं गिरणीची कड पुसत राहिल्या, जी पुसायची काही गरज नव्हती. आधी सांगितलं का नाही, असं दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

"सांगून काय करता?" सुमनबाई म्हणाल्या. "दर वाढवते मनलं की पदर झटकून जाताव. तुमाला वाटतं गिरणी आपोआप फिरती."

मग शांताबाई पुटपुटल्या की वाढव की मग दर, जिंतूरला कोण जाणार दळायला. त्यावर कमळबाई उसळल्या. सगळ्यांना का म्हणून वाढवायचा? ज्याच्या विहिरीवर फुकटची मोटर फिरते त्यानं दळणाला जास्त द्यावं. ज्याला विहीरच नाही त्याला कशाला?

शांताबाई लाल झाल्या. मोटर असली म्हणून काय झालं, रात्रीची वीज, थंडी, साप, सगळं त्यांनी सांगितलं. मला यावर दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं. मी जीभ दाताखाली धरली, आणि हे मला किती जड गेलं ते माझ्या विद्यार्थ्यांनाच कळेल. कोंडी सुमनबाईंनीच फोडली.

"पयलं नाव मपल्या घराचं लिवा," त्या म्हणाल्या. "विहीर हाय, मोटर हाय. आजपसून ह्यांच्या भाकरीचं दळण वरच्या दरानं."

दिगंबरराव रात्रीची पाळी करून नुकतेच आले होते आणि तोंडात दातवण घालून दारात उभे होते. स्वतःच्या बायकोला दळणाचे पैसे द्यायचे हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा दातवण खाली पडलं. आधी परातवाली हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि शेवटी पदर तोंडाला लावून शांताबाईसुद्धा. त्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर: त्यांच्या डब्याला मी हात लावायचा नाही.

पाटीवरचं माझं अक्षर पुसलं गेलं. दिवसा आणि संध्याकाळी दर एकच ठरला. फरक फक्त घराप्रमाणे: वर जास्त दराचे 'मोटरवाले', खाली कमी दराचे 'बिनमोटरवाले'. पिठाचं काय ते जिनं तिनं आपसांत मिटवलं, बेसनाची परात सुमनबाईंनी घासून दिली. व्यापारी चहा घेऊन गेला. गिरणी चांगली आहे, एवढंच म्हणाला.

डबे ओळखू यावेत म्हणून वेचणीला जायच्या आधीच घराघरांतून नखपॉलिश निघालं. कुणी भाऊंच्या कपाळाला टिकली लावली, कुणी मिशा काढल्या. कमळबाईंच्या डब्यावरच्या भाऊंना चष्मा आला होता, आणि तो बराचसा माझ्या चष्म्यासारखा होता.

परतीची गाडी परभणीहून रात्रीची होती. दिवेलागणीला निघायच्या आधी सुमनबाईंनी माझ्यासाठी ज्वारी दळली. फुकट घेणार नाही, असं मी बाणेदारपणे सांगितलं आणि खालच्या दरानं पैसे पुढे केले.

"तुमचा दर वरचा," सुमनबाई म्हणाल्या.

माझी कुठे विहीर आहे, मी विचारलं.

"घरावर सरकारी ऊन हाय न्हवं? बिल येतच न्हाई, तुमीच मनलाव."

माझ्या मागे कमळबाई उभ्या होत्या, वेचणीवरून तशाच आलेल्या, डबा कडेवर घेऊन. त्यांचा दर माझ्याहून कमी होता आणि मी काय करते ते त्या फार रस घेऊन बघत होत्या. जन्मभर जे व्याख्यानांतून दिलं ते पहिल्यांदाच पर्समधून द्यायची वेळ आली होती. मी दिलं. पण लिहायचंच तर खरं लिहिते: आधी घासाघीस केली.